पहिले तीनशे मीटर

रात्री एकला मी झाकण काढते
आणि मांडवीच्या विश्रामगृहाच्या गच्चीवरून,
पाण्याच्या टाकीला जवळजवळ घासून
हिरवी रेघ वर जाते.
इतकी सरळ, की वनरक्षक टेकाम
पहिल्या रात्री म्हणाला होता,
मॅडम, हिच्यावर कपडे वाळत घालता येतील,
फक्त आडवी करा.

उजेड सोडायचा, परत किती येतो ते मोजायचं.
बस, एवढंच लायडार.
तीन किलोमीटरवर धूर असेल
तर निरोप वीस मायक्रोसेकंदांत.
धूळ वाकडीतिकडी, उजेडाला पिळून धाडते.
धूर बहुतेक गोल,
आला तसा परत.
या फरकावर माझा पगार चालतो.

मध्येच आलेखावर एक काटा उभा राहतो.
रातवा. किड्यांमागे किरणातून गेला.
त्याला मी खोडते.

आज थर दोन.
वरचा साडेतीन किलोमीटरवर, पातळ,
पैनगंगेपलीकडून, कदाचित त्याच्याही पलीकडून
दोन-तीन दिवस चालत आलेला.
कुठल्या जंगलाचा, सांगत नाही.
खालचा ताजा, स्क्रीनवर तांबडा,
त्याचं गाव मला माहीत आहे.
झाडसुद्धा.

बुधवारी झिंगूबाई मडावी आपल्या मोहाखालचा
पाचोळा जाळत होती.
स्वच्छ भुईवर फूल पडलं की दिसतं,
तिची आईही तसंच करायची.
हातात पळसाची ओली फांदी,
कडेकडेनं विझवत चालली होती,
आणि वारा फिरला.
सागाचं पान मोठं, पेटलं की उडतं.
आधी ती धावली, मग टेकाम,
मग टेकामची चप्पल कुठेतरी राहिली.
अहवालात आगीचं कारण : अज्ञात.
अक्षर टेकामचं.
मी वाचलं, आणि पुढच्या रकान्याकडे गेले.

एक एक्केचाळीसला उपग्रह.
सव्वादोनशे कोसांवरून तोही एक रेघ खाली सोडतो,
किनवट तालुका ओलांडायला त्याला काही सेकंद पुरतात.
तो वरून, मी खालून,
एकाच धुराला चाचपतो आम्ही.
सकाळी त्याचा आलेख माझ्या आलेखावर ठेवला
की वरचा थर जुळतो, छान जुळतो,
नांदेडहून सर फोनवर शाब्बास म्हणतात.
पण खाली उतरताना त्याचा किरण दमतो.
अर्धा धुरातच संपतो,
उरलेला जमिनीवर आपटून सगळं पांढरं करून टाकतो.

आणि माझं यंत्र?
पहिले तीनशे मीटर आंधळं.
किरण आणि दुर्बिणीची नजर
तेवढ्या उंचीपर्यंत एकमेकांना नीट भेटतच नाहीत.
आलेखात तिथं राखाडी पट्टी.
पट्टीत सागाचे शेंडे, शाळा, मोबाइलचा टॉवर,
दोन पाडे, मोहाची सगळी झाडं.

काल संध्याकाळी झिंगूबाई जिना चढून वर आली.
पदरात मोहफुलं, मला म्हणून आणलेली.
यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाली,
वर काय बघायलीस माय?
धूर.
मग वर कशाला? हितंच हाय की.
आणि खोकत जिना उतरली,
प्रत्येक पायरीला थांबून.

तिरका केला तर किरण बराच खालचं बघेल.
मी पाना घेऊन बोल्ट ढिले केले,
अंश अंशानं टेकडीकडे झुकवत नेला,
आणि एका ठिकाणी हात थांबला.
त्याच्या पुढे झुकवायची परवानगी नाही.
त्याच्या पुढे अंगणात बाजा टाकलेल्या आहेत,
आणि बाजांवर डोळे.

पुन्हा उभा केला. बोल्ट आवळले.
वहीत लिहिलं :
१.४१ उपग्रह गेला, आकाश निरभ्र.
१.४४ खोकला, पाड्याच्या दिशेनं.
२.१० खोकला.
२.१२, दुसऱ्या कुणाचा तरी.
३.०५.
शेरा या रकान्यात जागा कमीच असते,
मी समासात लिहित गेले.
उद्या सर विचारतील, हे कशात मोजलंय.